अंगठ्याखालची थरथर

"मला बोलावलंत?"

तिनं मान वर केली. समोर व्हीलचेअरवर एक माणूस होता. चेहरा उन्हानं रापलेला, दाढी दोन दिवसांची, आणि डोळे मात्र आत्ताच कुणीतरी विनोद सांगितल्यासारखे. तो तिच्या हाताकडे बघत होता. तिनंही बघितलं. मांडीवर तळहात वर करून ठेवलेल्या तिच्या हाताची तर्जनी सावकाश आत वळत होती, सरळ होत होती... पुन्हा आत, पुन्हा सरळ. लहान मुलाला 'ये रे, ये' म्हणावं, अगदी तशी.

"नाही नाही—हे मी करत नाहीये!"

"असं? बोट तर तुमचंच दिसतंय."

"करंट आहे." तिनं बाही वर करून कोपराखाली चिकटवलेले पॅड दाखवले, त्यांच्या वायरी, आणि शेजारी बाकावर ठेवलेली साबणाच्या वडीएवढी डबी. "नवे पॅड आलेत. लोकांना लावायच्या आधी मी स्वतःवर लावून बघते. माझ्या खोलीला रंग देतायत, म्हणून इथे पॅसेजमध्ये बसलेय."

"म्हणजे तुमच्या मनात नसतानाही बोट मला बोलावतंय."

"हो."

"माझं बरोब्बर उलटं. मनात असतं, पाय हलत नाहीत." त्यानं चाकांवरचे हात उचलून दाखवले. "दोघांचं मिळून एक धड माणूस होईल बघा."

तिला हसू आलं. तिनं घाईनं डबीचं बटण दाबलं. बोट थांबलं.

"बंद कशाला केलंत? मी येतच होतो."

आणि मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढून विचारलं, की मज्जारज्जूच्या अभ्यासाची खोली कुठली. तिचं हसू तिथेच थांबलं. हा रस्ता चुकलेला पाहुणा नव्हता. हा सहभागी होता. आणि ती त्या अभ्यासातली मोजणारी होती.

ती शिक्षणानं फिजिओथेरपिस्ट. संस्थेत तिचं काम एकच. पाठीचा कणा दुखावून ज्यांचे पाय गेलेत, त्यांच्या पायात किती ताकद उरली आहे, ते हातानं तपासायचं आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा द्यायचा. उपचार दुसऱ्या खोलीत होत. तिथे एक इंजिनिअर सहभागींच्या कण्यावर पॅड लावून करंट देत असे. काहींना खरा, काहींना नुसता देखावा. कुणाला काय मिळतंय हे त्या एकट्या इंजिनिअरला ठाऊक.

"एक नियम आहे," ती म्हणाली. आवाज आता कामाचा झाला होता. "उपचाराबद्दल माझ्याशी अवाक्षरही काढायचं नाही. पाठीत गरम वाटलं, मुंग्या आल्या, पाय आखडला... काहीही नाही. नाहीतर मला अंदाज येईल, आणि माझ्या आकड्याला अर्थ राहणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही विचारायचं नाही. तपासणीच्या खोलीत जेवढं विचारायचं, तेवढंच."

तो तिच्याकडे बघत राहिला. "बाई, पडल्यापासून मला भेटलेलं प्रत्येक माणूस पहिलं वाक्य बोलतं ते पाठीबद्दल. वॉचमनसुद्धा. तुम्ही पहिल्याच, ज्यांना बंदी आहे." मग हळूच म्हणाला, "नियम झकास आहे."

*

तो दिवेवाला होता. नाटकांचे दिवे लावायचा. रंगमंचाच्या वर लोखंडी सांगाडा असतो, त्यावर चढून दिवा बांधताना पडला.

"नाटक त्या दिवशीही झालं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणीतरी दिवे सांभाळले. चांगले सांभाळले म्हणे. मणक्यापेक्षा तेच जास्त लागलं."

संस्थेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली चहाचं मशीन होतं. सकाळचा एक उन्हाचा पट्टा तिथे यायचा आणि भिंतीवरून हळूहळू सरकत जायचा. उपचार सुरू व्हायच्या आधी तो तिथे असे. ती आधी कधीतरी चहाला जायची. मग रोज जाऊ लागली.

"जरा डावीकडे वळा," तो म्हणे. "हं... थांबा. सकाळचा उजेड तुम्हाला शोभतो. दुपारचा नाही."

"दुपारचा का नाही?"

"दुपारचा कुणालाच शोभत नाही. दुपारी सगळे दाढ दुखत असल्यासारखे दिसतात."

तिच्या कामाची तो थट्टा करी. तिला फूटपट्टी म्हणे. ती त्याला दिवेवाले म्हणे. पण एकदा त्यानं खरंच विचारलं, की ती हातात रोज तो कागदांचा गठ्ठा कसला घेऊन फिरते.

"लोकांनी केलेल्या अभ्यासांचे अहवाल. आमच्या अभ्यासाच्या प्रमुख आहेत ना, त्या मॅडम सगळे पुन्हा वाचतायत." ती गठ्ठा चाळत म्हणाली. "हे बघा. कुणी लिहितं, करंट दिला. किती? मणक्याच्या कुठल्या पातळीला? पायात हालचाल आली, म्हणे. मशीन चालू असताना की बंद केल्यावर? कुणी लिहितं, सहा जणांना फायदा झाला. आत किती आले होते? बाकीचे कुठे गेले? काही नाही."

"म्हणजे पाककृती सांगायची, पण मीठ किती ते गुलदस्त्यात."

"आणि किती जणांचं पोट बिघडलं, तेही."

"मग?"

"मग दहा ठिकाणचे दहा अहवाल शेजारी ठेवले, तरी करंटचा उपयोग होतो की नाही, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणून मॅडम आणि ठिकठिकाणची माणसं मिळून एक नियमावली करतायत. यापुढे अहवालात काय काय सांगितलंच पाहिजे, त्याची. मोजणीचा भाग माझ्याकडे आहे. कुणी मोजलं, कसं मोजलं, मोजणाऱ्याला काय ठाऊक होतं, त्याचं त्या माणसाशी काही नातं होतं का."

या शेवटच्या कलमावर इंजिनिअर बैठकीत खो खो हसला होता. "आईनं लेकराचा पेपर तपासू नये, एवढं सांगायला समिती कशाला हवी, मॅडम?"

"आया तपासतात म्हणून," मॅडम म्हणाल्या होत्या.

दिवेवाल्याला ते फार आवडलं. "अशी बाई आमच्या नाटकात हवी होती. अर्धी नाटकं पहिल्या अंकात पडली असती."

त्याच्याबरोबर त्याची ताई आली होती. स्वतःचं घरदार सोडून, समोरच्या इमारतीत खोली घेऊन ती भावाचं करत होती. ताई भली होती आणि थकलेली होती. रोज उपचार संपले की दारातच विचारी, "काही जाणवतंय का रे?" तो नाही म्हणे. ताई "बरं बरं, घाई नाही" म्हणे आणि खुर्ची ढकलू लागे, आणि तिच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून कळे, की घाई आहे. पुढच्या टप्प्यात शस्त्रक्रिया होती. पाठ उघडून तारा आतच, मज्जारज्जूला लागून बसवायच्या. तो टप्पा सगळ्यांसाठी नव्हता. मशीन बंद असताना, स्वतःच्या इच्छेनं, पायातल्या एखाद्या तरी स्नायूत एक गुण मिळायला हवा. एक म्हणजे हालचालही नाही. नुसती बोटाला लागेल एवढी थरथर.

दिवेवाल्याला आतापर्यंत प्रत्येक वेळी शून्य होतं. शून्य तिनंच दिलं होतं.

एका सकाळी गार वारा सुटला होता. ती शाल न घेता आली होती. त्यानं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "तू आधी घे—" आणि गप्प झाला. "म्हणजे... तुम्ही."

तिनं कप दोन्ही हातांनी धरला. वाफ तोंडावर घेतली. "घेते," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, कपाच्या आतच बघत, "तू पण घे."

त्यानंतर त्यांचं असं ठरून गेलं, न ठरवता. शेडखाली तू, तपासणीच्या खोलीत तुम्ही. खोलीचा उंबरा ओलांडला की ती वेगळी होई. हात धुवून, कोरडे करून, घड्याळ काढून ठेवून. त्यालाही ते कळे. तो टेबलावर निजून छताकडे बघत राही आणि एक शब्द बोलत नसे. पण परत जाताना दारात म्हणे, "नमस्कार, बाई. तुमच्यासारखीच एक मुलगी मी ओळखतो. तिला माझा निरोप द्या."

*

त्या दिवशी खोलीला अजून रंगाचा वास होता. निळी चादर, खिडकीतून येणारा पांढरा उजेड, कोपऱ्यातल्या स्टँडवर तिचा प्लॅस्टिकचा पाय, लाल स्नायू रंगवलेला, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीचा.

"उजवा गुडघा सरळ करायचा प्रयत्न करा," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. जबडा आवळला. कपाळावरची शीर वर आली. ती गुडघ्याच्या वर मांडीवर दोन बोटं टेकवून होती. पाय बाहेरच्या बाजूला कलंडायला लागला, तशी तिनं तो सावरायला मुठीत धरला. अंगठा वरून.

आणि थर्र... थर्र.

"थांबा. सैल सोडा. आता पुन्हा."

पुन्हा कपाळावरची ती शीर. पुन्हा तिच्या अंगठ्याखाली, हलकीशी, पण होती—

"काही जाणवलं?" हा प्रश्न नियमातलाच होता. आवाज नियमातला नव्हता.

त्यानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. बघतच राहिला.

"हो," तो म्हणाला.

तिनं आकडा दिला. एक.

बाहेर ताईला सांगितलं, तेव्हा ती आधी भिंतीला टेकली, मग तिनं हिला मिठीच मारली. "तुझ्या तोंडात साखर पडो गं!" मग पॅसेजभर फिरत तिनं आत्याला फोन केला, मामाला केला, चुलत्यांना केला. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. वॉचमनलाही सांगितलं. दिवेवाला मात्र खुर्चीत गप्प होता. ती जवळ गेली तर नुसता हसला. फार आनंद झाला की माणसं अशीच मुकी होतात, असं तिला वाटलं.

दुपारी ती खोली आवरत होती. गुणगुणत होती बहुतेक. प्लॅस्टिकच्या पायावर रंगाचे बारीक शिंतोडे उडाले होते, ते पुसायला तिनं तो गुडघ्याच्या वर धरून उचलला. मनात तो क्षण चालूच होता. त्याचे उघडलेले डोळे, ती नजर...

थर्र. थर्र.

तिचं पुसणं थांबलं.

प्लॅस्टिकचा पाय तिच्या अंगठ्याखाली थरथरत होता.

तिनं दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याला लावली. तोच ठोका. एकाच वेळी, एकाच लयीत. गळ्याला, अंगठ्याला, आणि मेल्या प्लॅस्टिकच्या मांडीला.

नाडी बघताना अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. हे ती स्वतः मुलांना शिकवायची, आणि तपासणीतही बोटंच लावा म्हणून बजावायची.

ती स्टुलावर बसली. पाय मांडीवरच होता. खाली अंगणात ताई अजून कुणाला तरी फोनवर सांगत होती. तिचा आवाज खिडकीतून वर येत होता, हसरा, वरच्या पट्टीतला.

गप्प बसलं तर? त्याला पुढचा टप्पा मिळेल. कदाचित खरंच काही होईल. कदाचित ती थरथर त्याचीही असेल, थोडी त्याची, थोडी हिची... पण मग हिच्या काळजाच्या ठोक्यावर विश्वास ठेवून ते त्याची पाठ उघडतील. आणि तो 'एक' अहवालात जाईल, आणि कुठल्यातरी दूरच्या खाटेवर कुणीतरी तो वाचेल आणि आशा धरेल.

आणि बोललं तर ताईचा तो आवाज...

तिनं पाय स्टँडवर नीट लावला, हात धुतले आणि मॅडमच्या खोलीत गेली.

*

"एक आकडा काढून टाकायचाय, मॅडम. आज सकाळचा."

"काय झालं?"

"अंगठा लागला."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझा? अंगठा?"

तिनं मान डोलावली.

"पाय घसरत असेल. होतं. पण तुला कळलं कसं नाही? दोनदा केलंस ना?"

"मॅडम..." तिनं खाली बघितलं. "आपलं ते शेवटचं कलम आहे ना. मोजणाऱ्याचं नातं. ते... ते मला लागू होतं."

मॅडमनी तिच्याकडे निरखून बघितलं.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"आणि मला आधी सांगतेस!" मॅडमच्या ओठांच्या कडा हलल्या. "अगं पोरी, प्रेमाची कबुली समितीच्या अध्यक्षांकडे देणारी तू पहिलीच असशील." मग त्या गंभीर झाल्या. "आधी यायला हवं होतंस. हे कळल्याच्या दिवशी."

"मला आजच कळलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "उद्या मी मोजते. पण का पुन्हा मोजतोय, हे त्याला आधी कळलं पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. आणि ते तू सांगायचं. मी नाही."

*

सकाळी आभाळ आलं होतं. उन्हाचा पट्टा नव्हता. पत्र्यावर बारीक थेंब वाजत होते, मध्येच थांबत होते.

"आज उजेड बेकार आहे," तो म्हणाला. "तरी बस."

ती उभीच राहिली. "काल मी मोजलं, ते धरता येणार नाही."

"का?"

"अंगठा लावला होता. अंगठ्यात आपली आपली नाडी असते. जी थरथर लागली, ती माझीच असावी."

त्याच्या हाताची मूठ चाकावर वळली होती, ती त्यानं हळूहळू सोडली.

"इतकी जोरात?"

"हो."

"सगळ्यांना तपासताना असते?"

"नाही."

थेंब वाजले. थांबले.

"फूटपट्टी... तू मला नेमकं काय सांगतेयस?"

"दोन गोष्टी," ती म्हणाली. "एकदम सांगायच्या नव्हत्या. खरं तर दुसरी इतक्यात सांगायचीच नव्हती. पण ती सांगितल्याशिवाय पहिली पुरी होत नाही."

तो हसला नाही. तिला वाटलं होतं, हसेल, काहीतरी फिरकी घेईल. त्यानं नुसता हात पुढे केला. तिनं त्यात आपला हात दिला आणि खुर्चीशेजारच्या बाकावर बसली.

"मग मलाही एक दुरुस्ती करू दे," तो म्हणाला. "मला काही जाणवलं नव्हतं."

"तू हो म्हणालास."

"डोळे उघडले तर तुझा चेहरा समोर. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर उजेड पाडत आलो, पण असा... असा कधी जमला नव्हता. त्यात तू विचारलंस, जाणवलं का. नाही म्हणायला जीभ रेटेना."

"म्हणून खोटं बोललास?"

"त्या वेळी खरंच वाटलं. तुला लागलंय म्हणजे असेल. माझ्या पायाबद्दल माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे माझा." तो थांबला. "रात्रभर त्याला हाक मारत होतो. आला नाही."

तिला रडायचं नव्हतं. ती रडली. त्यानं तिचा हात सोडला नाही, आणि हातातला हात, कधी नव्हे तो, काही मोजत नव्हता.

मॅडमनी दहा वाजता मोजलं. दोन बोटं, हलकी टेकवलेली. पुन्हा केलं. आणखी एकदा केलं, आणि त्या वेळी तर श्वास धरून थांबल्या, इतक्या, की खोलीतल्या सगळ्यांचाच श्वास थांबला. मग बोटं उचलली.

"शून्य," त्या म्हणाल्या. "सॉरी, बाळा."

ताईनं तिला जिन्याशी गाठलं.

"सगळ्या गोतावळ्याला सांगून बसले मी! आता काय सांगू? बाईचं काळीज धडधडलं म्हणून सांगू?"

"ताई—"

"तुला हवाच होता ना तो? मग गप्प बसायचं होतंस. आपल्या माणसासाठी माणसं गप्प बसतात!"

"त्यांनी त्याची पाठ उघडली असती, ताई."

ताई पायरीवरच बसली, पदर तोंडाला लावून, आणि तिचे खांदे हलू लागले. ती ताईच्या शेजारी बसली. ताईनं तिला ढकललं नाही, जवळही घेतलं नाही.

*

त्यानंतर तो पहिल्या टप्प्यात राहू शकला असता. मॅडमनी तसं सांगितलंही. तिच्याऐवजी दुसरं कुणी मोजणार होतं. ती म्हणाली, बरंच झालं, आता शेडखाली हवं ते बोलता येईल. आणि आठवडाभर ते बोललेही. त्याच्या नाटकांबद्दल, तिच्या वडिलांच्या विसराळूपणाबद्दल, एका खोलीला किती खिडक्या असाव्यात त्याबद्दल. एकदा त्यानं तिच्या कपाळावर आलेली बट मागे सारली आणि हात तसाच ठेवला, आणि ती चहा विसरली.

पण शनिवारी दाराशी गाडी उभी होती आणि ताई तिच्यात बॅगा ठेवत होती.

त्यानं आदल्या दिवशी मॅडमना कळवलं होतं. तिला मॅडमकडून कळलं. ती आली तेव्हा तो ओसरीत होता, मांडीवर शाल, हातात टोपी.

"तू रागावली आहेस," तो म्हणाला.

"एक प्रश्न विचारायचा असतो," ती म्हणाली. "जो सोडून जातो त्याला. मॅडम म्हणाल्या, त्या विचारतील. मी म्हटलं, मी विचारते." "उत्तर देणं बंधनकारक नाही. अभ्यास सोडण्याचं कारण काय?"

तो टोपी हातात फिरवत राहिला.

"परवा बोलता बोलता माझा पाय उडाला. आठवतं? नेहमीचाच झटका. त्याला अर्थ नसतो, तुला तर माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू कप खाली ठेवलास आणि बघितलंस."

"क्षणभर. फक्त—"

"क्षणभरच. आणि मी काय केलं सांगू? मी पायाकडे नाही बघितलं. तुझ्याकडे बघितलं. तुझ्या तोंडावर तो उजेड येतोय का, ते." त्याचा आवाज खाली गेला. "सगळ्या जगात तुझ्याजवळच मी नुसता माणूस होतो, गं. आता तुझ्याजवळही पाय झालो."

"मी नाही बघणार. पुन्हा कधीच नाही."

"बघशील. आणि तू विचारशील, आणि मी हो म्हणेन. तो चेहरा बघायला मिळावा म्हणून मी वाट्टेल तितक्या वेळा हो म्हणेन. म्हणता म्हणता एक दिवस मलाच ते खरं वाटायला लागेल." तो थांबला. "मला नाही म्हणायला शिकायचंय. हे पाय उठणार नाहीत, असं मोठ्यानं म्हणायचं आणि मग त्या दिवशी दाढी करायची, काम शोधायचं. ते तुझ्यासमोर जमणार नाही मला. तू समोर असलीस की मला चालावंसं वाटतं."

वाऱ्यानं ओसरीतला कागदाचा कपटा उडाला, खांबाला अडला. ताईनं गाडीचं मागचं दार लावलं. मोठा आवाज झाला.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"मी येऊ शकते. तिकडे. नंतर..."

"माहीत नाही, फूटपट्टी. हो म्हणू?"

तिनं मान हलवली. नको.

त्यानं तिचा हात उचलून आपल्या गालाला लावला. दाढी आज केलेली होती. साबणाचा वास आला.

"हे कारण लिहू?" ती अखेर म्हणाली.

"हे तुझ्यासाठी होतं. त्यांना सांग, कारण दिलं नाही."

ड्रायव्हर आणि ताई मिळून त्याला सीटवर सरकवत होते, तेव्हा ती पुढे झाली नाही. कसं सरकवायचं, कुठे हात द्यायचा, तिला सगळं येत होतं. ताईनं त्याचा पट्टा बांधला, खुर्ची घडी करून ठेवली, आणि मग परत चार पावलं ओसरीत आली. तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल ताईनं वर ओढली.

"जेवून घे," ताई म्हणाली. "सकाळपासून उपाशी दिसतेस."

गाडी गेली.

सोमवारी मॅडम अहवालाचा तो भाग वाचून घेत होत्या, ज्यात आत आलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब द्यायचा असतो. कोण राहिलं, कोण गेलं, का गेलं. ती एकेक वाचत होती. एकाला ताप आला होता. एकीला प्रवास झेपत नव्हता. मग तिच्या मोजणीची चूक आली. कुणी मोजलं, अंगठा कसा लागला, मोजणारीचं त्या माणसाशी काय नातं होतं. ते तिनं स्वतःच लिहिलं होतं, आणि एकही शब्द न वगळता वाचलं.

"आणि तो गेला त्याचं कारण?" मॅडमनी विचारलं.

"दिलं नाही."

मॅडमनी मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच कागदाकडे नजर वळवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "द्यावंच लागतं असं नाही. पुढचं वाच."

तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ दिसत होती, शब्दही कळत होते. आवाज यायला मात्र बराच वेळ लागला, आणि तोवर मॅडम थांबल्या.